लेकीच्या घरचे पाणी

मी एक जुनी काचेची पेटी आहे, मासे पाळायची. चारी बाजूंनी लोखंडी अँगल, त्यात बसवलेल्या काचा आणि मधल्या फटींत भरलेली लांबी, म्हणजे खडूची भुकटी तेलात मळून केलेला लगदा. परभणीत देवांच्या तसबिरींना काचा लावून देणाऱ्या एका कारागिराने मला घडवले. अशी पेटी त्याने पूर्वी कधी केली नव्हती आणि पुढेही केली नाही, त्यामुळे माझा एक कोपरा तिरका राहिला. थोडा तिरकेपणा माझ्या बोलण्यातही आहे, तो सांभाळून घ्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या पेट्यांचे एक दुखणे असते. पोटात पाणी असेल तोवर आम्ही धडधाकट असतो. रिकामे ठेवले की लांबी सुकते, तिला भेगा पडतात, आणि मग पुन्हा पाणी भरले तर ते आमच्या अंगात ठरत नाही. बाहेरून बघणाऱ्याला मात्र पेटी जशीच्या तशी दिसते.

माझा मालक नागनाथ चुडावा स्टेशनवर पॉइंटमन होता. सांधे बदलणे, झेंडी दाखवणे आणि उरलेल्या वेळात पुढच्या गाडीची वाट बघणे हे त्याचे काम. घरी बायको सुलाबाई आणि एकुलती लेक पंचफुला. या पोरीने हैदराबादेत कुणाच्या तरी घरी रंगीत मासे पाहिले आणि तिच्या डोक्यात दुसरे काही शिरेना. नागनाथने तिचा हट्ट पुरवला. त्याचा मित्र चंद्रभान गार्ड होता. त्याने हैदराबादहून डालड्याच्या डब्यात मासे आणून दिले.

ते माझे सुखाचे दिवस. पंचफुला शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी माझ्या काचेला नाक लावायची. त्या नाकाचा ठसा सुलाबाई पदराने पुसायची, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच उमटायचा. कधीमधी नागनाथही कुणी बघत नाही असे पाहून आपले नाक लावायचा. त्याचा ठसा मोठा असायचा, एवढेच.

पंचफुलाचे लग्न झाले आणि ती पाथरीला गेली. नवरा लिंबाजी, पिठाची गिरणी चालवणारा, मवाळ माणूस. पहिल्या नागपंचमीला लेक माहेरी येणार म्हणून नागनाथला काय करू नि काय नको झाले. पेटी चकचकीत दिसावी म्हणून त्याने माझे जुने पाणी सगळे ओतून टाकले आणि विहिरीचे ताजे पाणी भरले. पावसाळ्यात जुलाब-उलट्यांच्या साथीला भिऊन पंचायत विहिरीत जंतू मारायची पावडर टाकते, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. आदल्या दिवशीच ती टाकलेली होती. आनंदाच्या भरात ते नागनाथच्या लक्षात राहिले नाही. लेक दारात आली तेव्हा सगळे मासे पाण्यावर उताणे तरंगत होते.

पंचफुला लहानपणीसारखी रडली आणि मग बापाचीच समजूत घालत बसली. नागनाथने मात्र पुन्हा मासे पाळणार नाही असे ठरवले आणि मला मागच्या पडवीत टाकले. तिथे माझ्यात आधी कोंबडी अंड्यांवर बसवली गेली. नंतर कांदे भरले. मित्रांनो, ज्या पोटात सोनेरी मासे फिरले, त्यात कांदे! पण तक्रार तरी कुणाकडे करणार?

पुढे एका हिवाळ्यात सुलाबाई तापाने गेली. मग नागनाथ लेकीला भेटायला पाथरीला जाऊ लागला, आणि तिथेच घोटाळा झाला. त्यांच्याकडे रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचे पाणी प्यायचे नाही. लग्नाला वर्षे लोटली तरी पंचफुलाला मूल नव्हते. नागनाथ आपला फिरकीच्या झाकणाचा तांब्या भरून न्यायचा आणि तिच्या अंगणात बसून त्यातले पाणी प्यायचा. एकदा तिने भरलेला पेला त्याच्यापुढे ठेवला. पुढचे सगळे त्याने पडवीत बसून चंद्रभानला सांगितले, म्हणून मला कळले.

तो म्हणाला होता, "लेकरू होऊ दे बाई, मंग पोटभर पितो."

ती म्हणाली होती, "मंग तवाच या, बाबा."

त्यानंतरच्या पंचमीला ती आली नाही. त्याच्या पुढच्या पंचमीलाही नाही. पाथरीकडून कुणी आले की नागनाथ आडून आडून चौकशी करायचा. गाडी आली की झेंडी हातात धरून उतरणाऱ्यांत तिला शोधायचा. ती दिसत नसे. झेंडी गुंडाळून तो घरी यायचा आणि एकट्यापुरती भाकरी थापायचा. तो झुरत होता, आणि रीत मोडायची त्याची छाती होत नव्हती.

अशात विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे चंद्रभानची गाडी चुडाव्यालाच अडकून पडली. त्याच्याजवळ पत्र्याच्या डब्यात एक मासा होता, औरंगाबादच्या भाच्यासाठी नेत असलेला. दीड वीत लांब, अंग काळपट, त्यावर निखाऱ्यासारखे तांबडे पट्टे. जात ऑस्कर. अंगाने एवढा की अख्खी पेटी त्या एकट्याला लागायची. डब्यात तो धापा टाकत होता. चंद्रभानने पेटी मागितली, आणि नागनाथने नाही नाही म्हणत माझ्यातले कांदे ओतले.

पाणी भरले तर मी सगळ्या फटींतून गळू लागले. मला इतकी लाज वाटली! नागनाथने मात्र मासा तात्पुरता हंड्यात सोडला, चाकूने माझी जुनी लांबी खरवडली आणि बोटाने नवी भरली. या खेपेला पाणी विहिरीतून आणून रांजणात मुरू दिले, मगच मला भरले. गाडी सुटली तेव्हा चंद्रभान म्हणाला, राहू दे आता तुझ्याकडेच. नागनाथ लगेच गांडुळे शोधायला गेला.

हा मासा भारी नखरेल निघाला. पाणी बदलले की रुसायचा आणि तळाशी कुशीवर पडून राहायचा, मेल्यासारखा. धोंड्याच्या जेवणात काही कमी पडल्यावर जावई रुसतो, तसा. म्हणून नागनाथ त्याला जावईबापू म्हणू लागला. रुसवा गेला की तो नागनाथच्या हातातून गांडूळ घ्यायचा आणि त्याची पावले ओळखून काचेशी यायचा. काचेवर पुन्हा नाकाचा मोठा ठसा उमटू लागला. शेजारी एक लहान ठसा असायला हवा होता, हे आम्हा दोघांनाही जाणवत होते.

नागनाथ निवृत्त झाला आणि क्वार्टर सोडून भाड्याच्या एका खोलीत जायची वेळ आली. एवढा मोठा मासा सांभाळील असा जगात एकच माणूस त्याला माहीत होता. ब्रेकच्या डब्यातून मानवत रोड आणि तिथून जीपच्या टपावर बांधून मी पाथरीला पोचले. सुकू नये म्हणून माझ्या तळाशी चार बोटे पाणी ठेवले होते. मासा डब्यात, डबा नागनाथच्या मांडीवर, आणि गळ्यात फिरकीचा तांब्या.

पंचफुलाने दार उघडले. मला पाहून ती क्षणभर हसली आणि लगेच गंभीर झाली. नागनाथने पाण्यात पावडर नाही ना, एवढेच विचारले. बोअरचे आहे, ती म्हणाली, आणि स्वतः हापसा मारून तिने मला भरले. मासा सोडला. तो तळाशी गेला आणि कुशीवर पडला.

"जावईबापू, उठा आता," नागनाथ म्हणाला, तर बाजेवर बसलेला लिंबाजीच दचकून उठला. मासा काही उठेना. पंचफुलाने वाकून त्या पडलेल्या माशाकडे पाहिले.

"आमच्या घरचं पाणी कुणालाच चालत न्हाई," ती हळूच म्हणाली.

हा रुसवा आहे, उतरेल, असे नागनाथला सांगता आले असते. त्याने ते सांगितले नाही. गळ्यातला तांब्या काढून त्याने माझ्या शेजारी ठेवला आणि हात पुढे केला.

"पंचे, एक पेला पाणी दे. लय वर्साची तान हाय गं."

लेकरू कुठे झालेय अजून, असे तिने विचारले. नागनाथने हात मागे घेतला नाही. तेव्हा तिने पेला भरून दिला आणि तो एका दमात प्यायला. मग दुसरा मागितला. दुसरा देताना निम्मे पाणी त्याच्या धोतरावर सांडले. लिंबाजी गिरणीचे काहीतरी निमित्त काढून बाहेर गेला.

संध्याकाळी मासा उठला आणि त्याने पंचफुलाच्या हातून पहिले गांडूळ घेतले.

मित्रांनो, अजून त्या घरात पाळणा हललेला नाही. आता पंचमीला बापच लेकीकडे येतो आणि आठवडाभर मुक्काम ठोकतो. फिरकीचा तांब्या माझ्याशेजारी झाकण काढून ठेवलेला असतो. माझ्यातले पाणी कमी झाले की पंचफुला त्या तांब्यानेच भर घालते.

तुमच्या माळ्यावर माझ्यासारखी एखादी पेटी कोरडी पडली असेल, तर तिला खाली काढा. पहिल्यांदा गळली म्हणून टाकून देऊ नका, लांबी भरा. आणि कुणी मायेने पाण्याचा पेला पुढे केला, तर रीतभात नंतर आठवा. आधी पाणी प्या.