सूप, छत्री आणि मेल्खिओर एगली

"मानवी मनाचा तळ आम्ही गाठला आहे!" १९०८ सालच्या नोव्हेंबरात प्रोफेसर ओडरमाट यांनी इस्पितळाच्या भरल्या सभागृहात जाहीर केलं. "आणि सभ्यहो, तो तळ स्वच्छ आहे, भक्कम आहे, मोजता येण्याजोगा आहे!"

तो तळ त्या वेळी दोन नंबरच्या वॉर्डामागे उकिडवा बसून तुंबलेल्या मोरीत तार घालत होता.

तळाचं नाव मेल्खिओर एगली. झ्युरिकच्या तळ्यावरच्या टेकडीवर जे वेड्यांचं इस्पितळ होतं, तिथे तो बावीस वर्षं वॉर्डर होता. शिक्षण बेताचं, लग्न नाही, कंबरेला एकवीस किल्ल्यांचा जुडगा. माणूस इतका सरळ, की त्याच्याबद्दल सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं, आणि नेमकं तेच प्रोफेसरांच्या नजरेत भरलं होतं.

इस्पितळात त्या काळी शब्दांची परीक्षा चाले. डॉक्टरांनी एक शब्द उच्चारायचा, समोरच्याने मनात येईल तो पहिला शब्द बोलून टाकायचा, आणि मधे किती वेळ गेला ते घड्याळावर मोजायचं. घड्याळ सेकंदाचे पाच तुकडे करणारं. माणूस अडखळला की समजायचं, पाण्याखाली काहीतरी आहे. पण रोगी अडखळला हे कळायचं कसं? त्यासाठी न अडखळणारा माणूस हवा. दुकानात वजनाला खरं माप ठेवतात तसा मेल्खी ठेवला होता. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी त्याला शंभर शब्द विचारले जात. टेबल – खुर्ची. डोकं – केस. पाणी – मासा. सूप – पाव. दर उत्तराला एक सेकंद आणि तीन पंचमांश. अकरा वर्षांत फरक नाही.

हे माप गंजू नये म्हणून प्रोफेसरांनी काळजी घेतली होती. मेल्खीला वर्तमानपत्र वाचायला बंदी होती. प्रेमात पडायचं झाल्यास आधी लेखी कळवायचं होतं. स्वप्न पडलं तर सकाळी आठच्या आत. आणि साऱ्या इस्पितळातच मांस व मद्य वर्ज्य होतं, कारण प्रोफेसरांच्या हिशेबाने एका सॉसेजने माणसाचं मन दोन पंचमांश सेकंद मंद होतं. ते स्वतः तर केवळ चिंतनावर जगत. रोज साडेतीन ते चार ही त्यांची चिंतनाची वेळ. कुठे बसून चिंतन करतात ते कुणाला ठाऊक नव्हतं, विचारायची छाती नव्हती. परतत तेव्हा चेहऱ्यावर तेज असे, आणि कधीकधी दाढीत पिवळा ठिपका. तो खडूचा असावा असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

त्या नोव्हेंबरातल्या पहिल्या मंगळवारी शब्द विचारायला डॉक्टर रायसा बसल्या होत्या. रशियातून शिकायला आलेल्या आणि इथेच राहिलेल्या या बाई तिरकस बोलत, पण घड्याळ सरळ धरत.

"खिडकी."

"काच."

"मित्र."

"चांगला."

"सूप."

मेल्खीने तोंड उघडलं. तोंडात काही नव्हतं. घड्याळ टिकटिकत राहिलं. त्याने छताकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, आणि अकरा सेकंद दोन पंचमांशांनी स्वतःच दचकून म्हणाला, "छत्री."

डॉक्टर रायसांनी पेन खाली ठेवलं.

"मेल्खी, बरं वाटतंय ना?"

"मगाशी वाटत होतं, डॉक्टरबाई."

संध्याकाळपर्यंत इस्पितळ हादरलं. कारण एक मेल्खी बिघडला तर बिघडू दे, पण अकरा वर्षांतला प्रत्येक रोगी मेल्खीच्या मापाने मोजलेला. मापच खोटं निघालं, तर ज्यांना बरे म्हणून घरी धाडलं त्यांना परत बोलवायचं, की जे आत आहेत त्यांची क्षमा मागून दार उघडायचं? एका तरुण डॉक्टराने दोन्ही करावं असं सुचवलं. त्याला सुट्टीवर पाठवण्यात आलं.

प्रोफेसरांनी दुसऱ्याच दिवशी स्वतः चौकशी आरंभली.

"हंडा."

"छत्री," मेल्खी रडवेला होऊन म्हणाला.

"कांदा."

"छत्री."

"मांजर."

"साहेब, मी दुसरं काहीतरी म्हणायला बघतोय."

"बघू नकोस! आलं तेच बोल."

"छत्री."

"तुझ्याकडे छत्री आहे?"

"नाही साहेब. टोपी आहे."

"वडिलांकडे होती?"

"वडील गवळी होते साहेब. भिजायचे."

"भिजलेला बाप," प्रोफेसरांनी वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मग आईबद्दल विचारलं. आई कांदे चिरायची असं निघालं. कुठली आई चिरत नाही, पण तेही लिहून झालं. मांजराचं काय करावं हे ठरेना, तेव्हा त्याला आत्याच्या जागी बसवलं.

डॉक्टर रायसा म्हणाल्या, "प्रोफेसर, एक सुचवू? माणूस रोज कुठेतरी छत्री पाहत असेल. लक्ष नसताना डोळे बघतात, कान ऐकतात. मन आपलं मागच्या दाराने सामान आत घेत असतं, मालकाला न विचारता."

"बाई," प्रोफेसर दुखावल्या आवाजात म्हणाले, "छत्री म्हणजे छत्री नव्हे, एवढं तरी आपण या अकरा वर्षांत शिकलो असं मी समजत होतो."



मेल्खीला आत्या नव्हतीच. पण हे सांगायची सोय उरली नव्हती, कारण नाही म्हटलं की "लपवतो आहे" असं लिहिलं जाई. त्याला भीती एकाच गोष्टीची होती. इस्पितळात माणसांचे दोनच प्रकार: किल्ल्या असलेले आणि नसलेले. बाकी सगळं म्हणजे अंगरखा, ताट, खाट, हवा जवळजवळ सारखंच. शनिवारी बाहेरून तीन मोठे डॉक्टर येणार होते, एक बर्नचा, एक बर्लिनचा, एक व्हिएन्नाचा. त्यांच्यापुढे परीक्षा. तीत सूपला पाव निघाला तर जुडगा कंबरेला. नाही निघाला तर मेल्खी सात नंबरच्या खाटेवर.

आठ नंबरच्या खाटेवर नेफ घड्याळजी होता. झ्युरिकची सगळी घड्याळं आपल्या परवानगीने चालतात अशी त्याची समजूत. बाकी माणूस समंजस. मेल्खीने त्याला गाठलं.

"नेफ, तुम्ही म्हणा सूप, मी म्हणतो पाव. असं शंभरदा."

"म्हणू की एगलीसाहेब. वेळ माझाच आहे."

कपडे धुण्याच्या खोलीत दोघे रोज सराव करू लागले. सूप, पाव. सूप, पाव. शुक्रवारी मेल्खी धडाधड पाव फेकू लागला. नेफने कौतुकाने मान डोलावली आणि सहज म्हणाला, "आता घोडा म्हटलं तर?"

"पाव."

"आई?"

"पाव."

 नेफ त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "सात नंबरची खाट वाईट नाही. फक्त खिडकीची बाजू मी सोडणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो."

त्या दिवशी मेल्खी नेहमीप्रमाणे पावणेचारला वॉर्डाचं सूप आणायला गेला. स्वयंपाकघर अंगणापलीकडे होतं. नोव्हेंबरातली तळ्याकाठची भुरभुर चालू होती. आत तेच ते बावीस वर्षांचं: चुलीवर तांब्याचा मोठा हंडा, खुंटीला कांद्यांच्या माळा, उबेला पसरलेलं मांजर, हंड्यामागे भिंतीला टेकलेलं काहीतरी काळं, त्याच्या टोकाशी पाण्याचं थारोळं, आणि पलीकडे कोठाराचा ओढलेला पडदा. मेल्खीने यातलं काही पाहिलं नाही. घरातल्या वस्तू कोण पाहतं?

"काय रे मेल्या," रेगुला स्वयंपाकीण म्हणाली, "तोंड का असं शिळ्या बटाट्यासारखं?"

"रेगुला, तुला म्हणून सांगतो. मला सूप म्हटलं की छत्री आठवते."

रेगुलाच्या हातातली पळी हंड्यात बुडाली. मेल्खीकडे घड्याळ नव्हतं, पण उत्तराला सहा सेकंद तरी लागले.

"मला काय विचारतोस? मी पोटाचं बघते. मनाचं ऑफिस वर आहे," ती एकदम मोठ्याने म्हणाली. पडद्यामागे कुणीतरी चावायचं थांबलं. "आणि उद्यापासून दारातच उभा राहत जा. हंडा मी बाहेर आणून देईन. चिखल घेऊन येतोस नुसता."

मेल्खीने आपले बूट पाहिले. स्वच्छ होते. आता रेगुलासुद्धा आपल्याला घाबरते, असं मनाशी म्हणत तो सूप घेऊन निघाला.

शनिवारी दोन वाजता सभागृहात तिघे पाहुणे ओळीने बसले. मेल्खीला मधे खुर्ची दिली. नियमाप्रमाणे किल्ल्यांचा जुडगा कंबरेवरून काढून प्रोफेसरांसमोर टेबलावर ठेवण्यात आला. कंबर इतकी हलकी झाली, की उठलो तर तरंगू असं त्याला वाटलं.

टेबल, डोकं, पाणी ठीक गेले. घोड्याला पाव म्हणण्याचा मोह त्याने दात आवळून परतवला. मग प्रोफेसर थांबले, पाहुण्यांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "सूप."

मेल्खीला पाव दिसत होता. सोनेरी, उभा चिरलेला, वाफाळता. त्याने पावाकडे धाव घेतली आणि वाटेतच मन कुठूनसं आडवं आलं.

"छत्री," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

बर्लिनच्या पाहुण्यांनी सुस्कारा टाकला. व्हिएन्नाच्या पाहुण्यांना आत्याबद्दल अधिक ऐकायचं होतं. बर्नच्या पाहुण्यांनी जेवणाची वेळ विचारली. चर्चा साडेतीनला तहकूब झाली, कारण प्रोफेसरांची चिंतनाची वेळ मोडता येत नसे. ते अंगणात गेले. चारला परतले ते प्रसन्न होऊन. दाढीत ठिपका होता. बर्नच्या पाहुण्यांनी नाक वर करून हवा दोनदा हुंगली, पण पाहुणे असल्याने काही बोलले नाहीत.

निकाल प्रोफेसरांनी उभं राहून वाचला. मेल्खिओर एगली याच्या मनात भिजलेल्या बापाची, कांदे चिरणाऱ्या आईची आणि मार्जाररूपी आत्याची एक खोल गाठ असून तिचा मुखवटा छत्री हा आहे. सोमवारपासून त्यास दोन नंबरच्या वॉर्डात, सात नंबरच्या खाटेवर निरीक्षणाखाली ठेवावं. मापाचा नवा माणूस मिळेपर्यंत इस्पितळातल्या कुणालाही वेडा अथवा शहाणा म्हणू नये.

तिघांनी सह्या केल्या. मेल्खी टेबलावरच्या जुडग्याकडे बघत होता. त्यातली छोटी पितळी किल्ली स्वयंपाकघराच्या मागच्या दाराची. सोमवारपासून ते दार कोण उघडेल, सूप कोण आणेल, एवढंच त्याच्या डोक्यात येत होतं.

बाहेर भुरभुरीचा पाऊस झाला होता. पाहुण्यांची बोट पाऊण तासात होती. धक्क्यापर्यंत त्यांना पोचवायला प्रोफेसर जाणार होते. त्यांनी ओव्हरकोट चढवला, मफलर गुंडाळला, हात सवयीने दाराशेजारच्या कोपऱ्यात गेला आणि रिकामा परतला.

"मेल्खी," ते निकाल विसरून, बावीस वर्षांच्या सवयीने म्हणाले, "जा, माझी छत्री आण."

डॉक्टर रायसांचा अंगठाही सवयीचाच. घड्याळाचं बटण दाबत त्यांनी विचारलं, "कुठे आहे, प्रोफेसर?"

"स्वयंपाकघरात. सूपच्या हंड्यामागे, मांजराजवळ, वरती कांदे टांगलेत तिथे."

एक सेकंद आणि तीन पंचमांश. अकरा वर्षांत मेल्खीखेरीज इतकं निरोगी उत्तर कुणी दिलं नव्हतं.

 डॉक्टर रायसांनी घड्याळ थांबवलं नव्हतं. प्रोफेसरांचा हात दाढीकडे गेला, ठिपक्यापाशी आला आणि तिथेच राहिला. बर्नचे पाहुणे म्हणाले, "सॉसेजला लावतात ती मोहरी," आणि निकालाचा कागद हळूच आपल्याकडे ओढून घेऊन सहीवर दौत कलंडू दिली. बर्लिनचे पाहुणे छताकडे पाहू लागले. व्हिएन्नाचे पाहुणे अजून आत्याचंच टिपण करत होते.

मेल्खीच्या डोळ्यांसमोर हंडा आला, हंड्यामागची काळी मूठ आली, पाण्याचं थारोळं आलं, रोज पावणेचारचं, साऱ्या पावसाळी दिवसांचं. सगळं जागच्या जागी होतं. त्याने फक्त पाहिलं नव्हतं. एकोणीस सेकंद झाल्यावर तो खुर्चीतून उठला, टेबलापाशी गेला आणि अदबीने म्हणाला,

"आणतो, साहेब. तेवढ्या किल्ल्या द्या."