बिनशेपटीचं

धोंडीबांनी पाठीवर फवारणीचा पंप चढवला, तेवढ्यात येसूबाईंनी लिंबाची एक डहाळी मोडून घेतली. तिच्यावर बोटाच्या पेराएवढी हिरवी अळी होती. धक्का बसताच तिच्या डोक्यातून दोन नारिंगी शिंगं बाहेर आली आणि उग्र वास सुटला.

"कशाला पायजे ती?" धोंडीबांनी विचारलं.

"असू दे की एक."

त्यांनी डहाळी पाण्याच्या बाटलीत खोचून खिडकीत ठेवली. कुंडलच्या या घरात दरवर्षी अशी बाटली असायची, पण ती ठेवायची अक्षता. त्यांची एकुलती लेक, सांगलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणारी. पंच्याण्णव साली तिनं फलटणच्या मुलाशी परस्पर रजिस्टर लग्न केलं. त्याला वर्ष झालं. तेव्हापासून धोंडीबांनी तिचं नाव घेतलं नव्हतं.

दोन दिवसांनी अळीनं खाणं सोडलं. रेशमाचा एक धागा कमरेभोवती घेऊन ती डहाळीला तिरकी टेकली आणि तिचा कोष झाला. धोंडीबा शेतावरून आले की हातपाय धुण्याआधी खिडकीशी जायचे. येसूबाई बघायच्या, विचारायच्या नाहीत.

अकराव्या दिवशी सकाळी कोष फाटला. ओलं, चुरगळलेलं फुलपाखरू डहाळीला लोंबकळू लागलं.

"आगं, हे असंच राहतंय का काय?" धोंडीबांनी हाक मारली.

येसूबाई पिठाच्या हातानं आल्या. "न्हाई. पंख वाळाया तासभर तरी लागतोय."

त्या आत गेल्या, धोंडीबा तिथंच बसले. शेताची वेळ टळली. पंख हळूहळू ताठ झाले. काळ्यावर फिकट पिवळे ठिपके, खाली एकेक लाल डाग. तव्यावर भाकरी टाकून येसूबाई परत आल्या.

"शेपटी न्हाई ह्याला," ते म्हणाले. "अक्षता सांगायची, हाय शेपटीवाल्यांच्याच घराण्यातलं, पण बिनशेपटीचं."

येसूबाईंचा पिठाचा हात तसाच पदराला लागला.

फुलपाखरू दोनदा पंख मिटून उडालं, समोरच्या पत्र्यावरून पलीकडं गेलं.

"तिच्या दारात लिंबू असंल का?" धोंडीबांनी बाहेर बघतच विचारलं.

"लिंबू न्हाई, कढीपत्ता हाय. त्याच्यावर पण येत्यात ह्या अळ्या. मागल्या महिन्यात..."

येसूबाई थबकल्या. बहिणीकडं जाते असं सांगून त्या तीनदा फलटणला जाऊन आल्या होत्या.

धोंडीबांनी मान वळवली नाही. आत तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी दोघंही हलली नाहीत.

"बरी हाय का?" धोंडीबांनी विचारलं.