पाव फेरा

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. फिकट हिरव्या रंगाची, चार दारांची, सहा सिलिंडरची. १९७३ साली डेट्रॉइटजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तो दिवस मला फारसा आठवत नाही. मी पट्ट्यावरून पुढे सरकत गेले. कुणी दारे बसवली, कुणी काचा. शेवटी एका माणसाने किल्ली फिरवली, मी चालू झाले, आणि तो मागच्या गाडीकडे वळला.

पाच वर्षे मी एका शाळेतल्या बाईंकडे होते. मग जवळच्या नोव्हाय गावच्या गुरुदत्त आणि मालिनी यांनी मला घेतले. गुरुदत्त गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होता. मालिनी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. त्यांची रुपाली तेव्हा तीन वर्षांची होती. गणपतीच्या दिवशी मराठी मंडळी एका शाळेच्या हॉलमध्ये जमायची. जाताना माझ्या डिकीत मोदकांचे डबे असायचे आणि येताना मागच्या सीटवर झोपलेली रुपाली.

"यार, तुझी गाडी सिग्नलला चालू आहे की बंद, तेच कळत नाही," लोक गुरुदत्तला म्हणायचे. तो बॉनेटवर दोनदा थाप मारायचा.

त्यामागे त्याची मेहनत होती. माझ्या इंजिनावर कार्ब्युरेटर असतो. तिथे हवा आणि पेट्रोल एकत्र होतात. त्याच्या पायाशी एक छोटा स्क्रू आहे. गाडी उभी असताना हवेत किती पेट्रोल मिसळायचे, ते तो स्क्रू ठरवतो. पेट्रोल जास्त झाले तर इंजिन गुदमरते, कमी झाले तर अडखळते. दर ऑक्टोबरात, थंडी पडण्याआधी, गुरुदत्त तो नीट लावायचा.

१९८४ च्या जानेवारीत, जेवणाच्या सुट्टीत, गुरुदत्त ऑफिसातच हार्ट अटॅकने गेला. बेचाळीस वर्षांचा होता. मी खाली पार्किंगमध्ये उभी होते. त्या संध्याकाळी मला न्यायला कुणी आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझ्यावर वीतभर बर्फ साचला. चौथ्या दिवशी त्याचा ऑफिसातला मित्र शैलेंद्र आला. त्याने बर्फ खरवडला आणि मला घरी आणले. वाटेत त्याने रेडिओ लावला नाही.

मग मालिनी मला चालवू लागली. ती रडत नव्हती. लॅबला जायची, रुपालीला शाळेतून आणायची. घरी आल्यावर इंजिन बंद करून स्टिअरिंगवर हात ठेवून नुसती बसायची.

"आई, वी आर होम," रुपाली मागून म्हणायची. मग मालिनी उतरायची.

ऑक्टोबर आला आणि गेला. माझे बॉनेट कुणी उघडले नाही. हिवाळ्यात एक रबरी नळी तडकली, तिच्यातून जास्तीची हवा इंजिनात शिरू लागली आणि मी उभ्या जागी थरथरू लागले. सिग्नलला इंजिन बंद पडायला आले की मालिनी ॲक्सिलरेटर दाबायची. मी घुर्र करायचे, दिवा हिरवा व्हायचा, आम्ही पुढे जायचो. कितीतरी महिने असेच चालले.

१९८५ च्या एप्रिलमध्ये, पाऊस भुरभुरत असताना, रुपालीला मागे बसवून मालिनी ग्रँड रिव्हर रस्त्यावर डावीकडे वळत होती. निम्म्या वळणावर मी बंद पडले. अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे डावीकडे वळताना मी समोरच्या गाड्यांच्या वाटेत आडवी उभी होते, आणि समोरून ट्रक येत होता. त्याने ब्रेक मारले. ओल्या रस्त्यावर घसरत घसरत तो रुपालीच्या दारापासून हातभर अंतरावर थांबला.

रुपाली किंचाळली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, दॅट ट्रक ऑलमोस्ट हिट मी."

"हो," मालिनी म्हणाली आणि तिने किल्ली फिरवली.

रविवारी शैलेंद्र आला. मालिनीने त्याला झाले ते सांगितले. हवामानाची बातमी सांगावी तसे सांगितले.

"वहिनी, विकून टाका ही गाडी," तो म्हणाला. "आता कॉम्प्युटरवाल्या गाड्या आल्यात. त्यांना हे स्क्रूचं झंझट नाही."

"तुम्हाला येतं ते लावायला?"

"येतं ना. गुरुदत्तनेच शिकवलं. आत्ता करून देतो."

"करून देऊ नका," मालिनी म्हणाली. "मला दाखवा."

त्यांनी मला गॅरेजबाहेर उघड्यावर काढले. शैलेंद्रने आधी नळ्या चाचपल्या, तडकलेली बदलली. मग वीस मिनिटे मला चालू ठेवले. थंड इंजिनावर लावलेला स्क्रू नंतर चुकतो, असे त्याने तिला सांगितले.

"आता आत फिरवा. आत गेला की पेट्रोल कमी होतं. एकदम नाही, पाव पाव फेरा."

मालिनीने पाव फेरा दिला. मग आणखी एक. मी अडखळले, सगळे अंग हलले.

"आता उलटा."

तिने उलटा फिरवला. माझा श्वास मोकळा झाला. आणखी पाव फेरा. इंजिनाचा वेग वाढला, आवाज गोल झाला. तिने तसेच आणखी फिरवले तेव्हा तो जड झाला. तिने तेवढेच मागे घेतले आणि मान वाकवून ऐकत राहिली.

"इथे," ती म्हणाली.

"अजून थोडं?"

"नाही. इथेच."

शैलेंद्रने वाढलेला वेग दुसऱ्या एका स्क्रूने बेताचा केला. मी स्थिर चालत होते. मालिनीने तळवा माझ्या बाजूच्या पत्र्यावर टेकवला. मी हलत नव्हते, पण तिचा हात हलत होता. तिने तो उचलून पाहिला. तो थांबेना.

"शैलेंद्र, तो ट्रक आला तेव्हा मला काहीच वाटलं नाही. माझी मुलगी मागे होती आणि मला काही वाटलं नाही." तिने माझ्या मागच्या दाराकडे पाहिले. "आत्ता भीती वाटतेय."

त्याने इंजिन बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे चालू," ती म्हणाली. मग घराकडे वळून तिने हाक मारली, "रुपाली, बाहेर ये जरा. इथे ये माझ्याजवळ."

रुपाली आली. मालिनीने तिला इतके घट्ट धरले की रुपाली म्हणाली, "आई, यू आर स्क्विशिंग मी." तरी तिने सोडले नाही.

त्यानंतर तीन वर्षे मी त्यांच्याकडे होते. दर ऑक्टोबरात मालिनीच स्क्रू लावायची. आता माझा तळ गंजला आहे. जुन्या गाड्या ठेवतात त्या आवारात मी उभी आहे. मला कुणी चालवत नाही. त्याचे फार वाईट वाटते असेही नाही.

मित्रांनो, एवढीच विनंती आहे. तुमच्या घरची गाडी उभ्या जागी थरथरू लागली, तर नुसता ॲक्सिलरेटर दाबून वेळ मारून नेऊ देऊ नका. घरातल्या मोठ्यांना बॉनेट उघडायला सांगा. मागच्या सीटवर कुणीतरी बसलेले असते.