शेवटचा झगा

फिलाडेल्फियातल्या त्या गल्लीला लुव्हिनिया मावशीच्या मरणाची तयारी तोंडपाठ होती. पांढरा झगा कपाटात, टोपी खोक्यात, चर्चमध्ये म्हणायच्या गाण्यांची यादी बायबलमध्ये, आणि दफनाचा विमा तर लग्नाआधीपासूनचा. दर वसंतात रविवारच्या प्रार्थनेनंतर झगा बाहेर निघे आणि भाची व्हर्लीन त्याला इस्त्री करून देई.

यंदाही मावशीने झगा टेबलावर पसरला. व्हर्लीनने इस्त्रीला हात लावला नाही.

तिच्या आईचीही तयारी अशीच चोख होती. अंत्यविधीत काही म्हणजे काही कमी पडलं नाही. फक्त घर कोणाला, हे आईने कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. व्हर्लीनच्या डेट्रॉइटमधल्या भावाने आपला हिस्सा परस्पर एका कंपनीला विकला, कंपनी वाटणीसाठी कोर्टात गेली आणि कोर्टाने अख्खं घर विकायला लावलं. काळ्या माणसाला भाड्यानेसुद्धा कोणी घर देत नव्हतं, तेव्हा व्हर्लीनच्या बापाने रेल्वेत हमाली करून ते घर घेतलं होतं. आता ती मावशीच्या मागच्या खोलीत राहत होती.

"मावशी, तुझी तीन पोरं तीन गावांना. उद्या या घराचं काय?"

"बघतील आपसांत. घर आपलं आहे हे त्यांना ठाऊक नाही होय?"

"माझ्या भावालाही ठाऊक होतं."

मावशी चिडली. कॅरोलायनात तिच्या बापाने एका कागदावर अंगठा उठवला आणि शेत गेलं, तेव्हापासून कागद म्हटला की तिला धडकी भरे. ती भीती खोटी नव्हती. पण त्या भीतीपायी पोरं उघड्यावर पडणार होती, आणि याचा व्हर्लीनला मनस्वी संताप येत होता.

"मृत्युपत्र केलं की मरण दारात येतं," मावशी म्हणाली.

"मग हा झगा कोणाच्या लग्नासाठी शिवलायस?"

मावशी बराच वेळ झग्याच्या लेसवरून बोटं फिरवत राहिली.

"चर्चच्या तळघरात तो मृत्युपत्रं करून देणारा वकील कधी बसतो?"

"मंगळवारी."

"मग कर इस्त्री. हाच घालून जाते."

मंगळवारी सकाळी दोघी निघाल्या. चार दारं सोडून व्हर्लीनचं जुनं घर होतं. पायरीवर नवी मालकीण कुंड्यांना पाणी घालत होती. झगा आणि टोपी बघून तिने कौतुकाने विचारलं, "आज काय लग्नबिग्न आहे का?"

"नाही बाई," मावशी म्हणाली. "पोरांना घर द्यायला निघालेय."

ती पायरी व्हर्लीनच्या बापाने बसवलेली होती.