सात वर्षांचा अनुभव

चामोर्शीला तहसीलीसमोर माझं टायपिंगचं टेबल होतं. मला स्वतःला कधी नोकरी लागली नाही, पण दुसऱ्यांना कशी लागते हे अर्ज ठोकता ठोकता कळत गेलं. जाहिरातीत जो शब्द, तोच अर्जात आला पाहिजे. चाळणी लावणारा बाबू शंभर अर्ज वाचत बसत नाही, आपले शब्द शोधतो. मात्र येत नसेल ते लिहायचं नाही. हे दुसरं वाक्य लोकांना ऐकू येत नसे.

खैरुन आली ती नव्याण्णवच्या उन्हाळ्यात. तिचा नवरा वाजिद इथल्याच एका खाजगी शाळेत लिपिक होता, दिवाळीनंतर वारला. गडचिरोलीच्या एका संस्थेत कार्यालयीन सहायकाची जागा निघाली होती. वयाची अट पस्तीस, आणि खैरुनला पुढच्या महिन्यात पस्तीस भरणार. पुढची जाहिरात तिच्यासाठी नव्हतीच.

"बाई, मले काईच अनुभव नाई. बारावी अन् टायपिंग, बस."

मी जाहिरात वाचली. "आवक-जावक नोंदवही?"

"येते."

"पत्रव्यवहार, फाइली लावणं?"

"येते."

"सेवापुस्तकातल्या नोंदी?"

"तेबी येते."

मी चष्मा काढला. "काऊन वं, घरी ऑफिस टाकलं होतं का?"

ती हसली. मग आवाज खाली आणून सांगू लागली. वाजिदला दिसेनासं होत चाललं होतं. शाळेत कळलं तर बसवतील घरी, म्हणून रोज संध्याकाळी रजिस्टरं थैलीत घालून आणायचा. ती कागद वाचून दाखवायची, तो काय लिहायचं ते सांगायचा, ती लिहायची. सात वर्षं.

"मंग सात वर्षांचा अनुभव आहे तुले!" मी म्हटलं, आणि जाहिरातीतला शब्द न् शब्द बसवून अर्ज ठोकला. त्यात खोटं काही नव्हतं. मी तर स्वतःवरच खूष होते.

मुलाखतीचं पत्र आलं. ती गेली, आणि दुपारच्या एस.टी.नं परतली ती थेट माझ्या टेबलाशी.

"मुलाखत घ्याले भैयाजी सर होते, बाई. आमच्या शाळेचे जुने हेडमास्तर. म्हणे, वाजिदभाऊची बायको का तुमी? काय चोख माणूस! काय अक्षर! नव्या बाबूले अजून त्याचीच रजिस्टरं दाखवतात म्हणे." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "मंग विचारलं, हा अनुभव कुठचा?"

"सांगाचं होतं ना!"

"काय सांगू? का त्याले दिसत नव्हतं अन् तो तुमाले फसवून राह्यला होता? लोक चोख म्हणतात त्याले, बाई. तेवढंच तं उरलं त्याचं."

"मंग काय बोलली?"

"टायपिंगवाल्या बाईनं चुकून टाकलं म्हटलं. रागावू नका."

मी कशाची रागावते! तो अनुभव माझ्याच हातानं ठोकलेला. ती मात्र उठेना.

"मंग सर म्हणे, बरं, चार ओळी लिहून दाखवा. हस्ताक्षर पाहू."

"तं?"

"मी वाकडंतिकडं लिहिलं. मुद्दाम." ती रस्त्याकडे पाहत होती. "त्याइनं कागद पाहिला. म्हणे, वाजिदभाऊजवळून काईच शिकल्या नाई वाटते."

"अन् तू?"

"म्हटलं, नाई सर."