पांढऱ्या दोरीच्या पिशव्या

भट्टीवाल्याने कपाटातल्या पिशव्या पुन्हा एकदा मोजल्या आणि हातावरची काळी पूड झटकली.

"ताई, कालच्या भरलेल्यांतल्या दोन कमी आहेत."

"भरलेल्या इथं कशा असतील? हे कपाट रिकाम्यांचं. पांढऱ्या दोरीवाल्यांचं."

"काल लाल दोरी संपली होती ना. तुम्हीच म्हणालात, आजच्या दिवस पांढरीच बांध, मी लक्षात ठेवते."

काल संध्याकाळी घरी निघताना याच कपाटातल्या दोन पिशव्या तिने स्वतःच्या हाताने उचलल्या होत्या.

कारखान्यात येई तो सगळा टाकाऊ माल. फळांच्या कोया, लाकडाचा भुसा, मोडक्या सामानाचा चुरा. तो भाजून त्याचे काळे दाणे करायचे. धुराड्यात टांगले की ते धुरातला कार्बनचा वायू पिऊन घेत आणि भट्टीत तापवले की प्यायलेलं सगळं ओकून टाकत. तो वायू नळीने पलीकडच्या खोलीत जाई, तिथं त्याचं इंधन होई, आणि दाणे पुन्हा नव्यासारखे. वायू प्यायलेल्या पिशवीला लाल दोरी, ओकून झालेल्या पिशवीला पांढरी. शेंबड्या पोरालाही कळावा असा नियम, आणि तो तिनेच केलेला.

रिकामे दाणे ओलही शोषतात. घरच्या कोठीच्या खोलीला ओल आली होती म्हणून तिने त्या पिशव्या नेल्या. "पडून पडून दमट झाले असतील, आधी चांगले तापवून घ्या," हेही वडिलांना, अण्णांना, तिनेच सांगितलं होतं.

सकाळी ती चपला घालत असताना अण्णा म्हणाले होते, "कोठीत हीटर लावून बसतो. दार-खिडकी लावून घेईन, पूड फार उडते तुझी. आणि एक पिशवी खालच्या बाळंतिणीला देऊ का? तिच्याही भिंतीला ओल आहे."

"द्या की. तिलाही तापवायला सांगा."

असं म्हणून ती जिना उतरली होती. गुणगुणत उतरली होती, हेही तिला आता आठवलं.

भट्टीच्या विभागात मोबाइल चालत नसे, तो कपाटात कुलूपबंद असायचा. तिने भिंतीवरचा फोन उचलून अण्णांचा नंबर लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. अण्णा फोनवर दोन मिनिटांच्या वर कधी बोलत नसत. पाचव्यांदाही तोच आवाज आला, तेव्हा अण्णांच्या हातातून पडलेला फोन तिला दिसायला लागला. तिने रिसीव्हर तसाच लोंबता सोडला आणि अंगातल्या एप्रनसकट बाहेर धावली.

बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, मोबाइल कारखान्यातच राहिला. त्या वायूला रंग नाही, वास नाही. माणसाचं डोकं जड होतं, झोप येते, आणि झोपलेल्याला कोण सांगणार उठ म्हणून. हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत साचतो. खालच्या बाळाची गादी जमिनीवरच असते. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते उगाच नाही. प्रत्येक सिग्नलला ती उभी राहत होती.

"ताई, बसा हो," कंडक्टर म्हणाला. "तुम्ही उभ्या राहिल्यात म्हणून दिवा हिरवा होत नाही."

दोघे-तिघे हसले. ती बसली. पुढच्या सिग्नलला पुन्हा उभी राहिली.

खालच्या घराचं दार सताड उघडं होतं. गादी रिकामी. हीटरचा प्लग काढून फेकलेला, पिशवी आडवी, दाणे सांडलेले, त्यांत बाळाचा एक मोजा. तिने हाक मारली. कुणी ओ दिली नाही.

वर धावली. आपल्याही घराचं दार उघडं, सगळ्या खिडक्या उघड्या. कोठीत जमिनीवर विझलेल्या मेणबत्तीचं बोटभर थोटूक, चार-पाच जळक्या काड्या, आणि अण्णांची काठी. काठीशिवाय अण्णा मोरीपर्यंतही जात नसत. मग त्यांना कुणी उचलून नेलं? कुठं? ती खिडकीचे गज धरून उभी राहिली, आणि मागच्या अंगणातून खोकल्याचा आवाज आला.

पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर अण्णा बसले होते. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं बाळ. शेजारी बाळंतीण, केस मोकळे, तोंडाला पदर लावलेला. बाळ हातपाय झाडत होतं. ती कशी खाली पोचली, तिचं तिलाच कळलं नाही.

"आलीस?" अण्णांनी तिचं मनगट पकडलं. "तुला किती फोन लावले. सारखा लावतोय, उचलत का नाहीस?"

तिने बाळाचा उघडा पाय चाचपून बघितला.

"नीट ऐक. त्या दाण्यांत काहीतरी आहे." ते हळू बोलू लागले. "बसल्या बसल्या डोकं जड झालं. विहिरीत उतरल्यावर व्हायचं, तसं. पस्तीस वर्षं टाक्या नि विहिरी उपसल्या मी, मला हे नवं नाही. मेणबत्ती पेटवून खाली धरली. विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. मग काठी तिथंच टाकून आधी हिच्याकडे धावलो."

"दार वाजवलं तेव्हा मी पेंगत होते," बाळंतीण म्हणाली. "मला वाटलं, रात्रभर जागरण, म्हणून झोप येतेय."

"अण्णा..."

"तू आधी ऐक. तू रोज त्या ढिगाऱ्यात असतेस. मला तर घामच फुटला. म्हटलं, आपण इथं उघड्यावर येऊन बसलो, पण पोरीला कोण सांगणार?" त्यांनी बाळाचा टॉवेल सारखा केला. "तुमच्या साहेबांनी सांगितलं नसेल तुम्हाला. असंच असतं. आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं. माझा जोडीदार वर आलाच नाही, तेव्हा कळलं."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक नवी मेणबत्ती काढून तिच्या हातावर ठेवली.

"भट्टीपाशी जाताना आधी ही खाली धरायची. विझली तर मागे फिरायचं. नोकरी गेली खड्ड्यात."

ती मेणबत्तीकडे बघत राहिली. हो म्हणणं फार सोपं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"मला माहीत होतं, अण्णा," ती म्हणाली. "पिशव्या चुकल्या, ते माहीत नव्हतं. बाकी सगळं माहीत होतं."

अण्णांनी ऐकलं की नाही, समजेना. ते तिच्या हातातल्या मेणबत्तीची वाकलेली वात चिमटीत धरून सरळ करत होते.

बाळंतिणीने ऐकलं होतं. तिने वाकून अण्णांच्या मांडीवरून बाळ उचललं, छातीशी धरलं, आणि कट्ट्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.