तिसावर अडलेली बिअर

मापसाहेबांची बिअर गेले नऊ दिवस तिसावर अडून बसली होती.

मापसाहेब म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. बत्तीस वर्षं त्यांनी दुकानांतले तराजू तपासले आणि एकाचाही शब्द खरा धरला नाही. आता कोठीच्या खोलीत त्यांनी बादलीभर बिअर आंबत घातली होती. ती कुठवर आली हे सांगायला काचेचा हायड्रोमीटर होता. बिअरमध्ये साखर जास्त असली की तो वर तरंगतो, यीस्टने साखर खाल्ली की खाली बुडतो. पहिल्या दिवशी पुस्तकाप्रमाणे पन्नास यायला हवे होते, आले सत्तर. हे आपल्या हातचं कसब, असं त्यांनी बायकोला सांगितलं. शेवटी तो दहावर उतरायला हवा होता. तो तिसावर थांबला आणि झाकणावरच्या नळीची गुडगुडही बंद पडली.

त्यांनी बादली फ्रिजच्या मागे उबेला ठेवली, हलवली, नवं यीस्ट घातलं, वर बायकोची शाल पांघरली.

"माझ्या बाळंतपणात एवढी काळजी घेतली नव्हती तुम्ही," बायको म्हणाली.

खरी अडचण रविवारची होती. त्या दिवशी व्याही बाटल्या घेऊन येणार होते. साखर उरलेली असताना बाटल्या भरल्या तर आत वायू साठून त्या फुटणार, आणि बिअर ओतून द्यावी तर व्याह्यांसमोर नाक कापलं जाणार. व्याही किराणा दुकानदार. वीस वर्षांपूर्वी मापसाहेबांनी भर बाजारात त्यांचा तराजू चार ग्रॅमच्या फरकासाठी रद्द केला होता. पुढे लेकीने नेमका त्यांचाच मुलगा पसंत केला. तेव्हापासून दोघांनी हा विषय काढला नव्हता. एकाने विसरल्यामुळे, दुसऱ्याने न विसरल्यामुळे.

रविवारी व्याही आले, त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं, पेलाभर काढून घेतली. मापसाहेबांनी पडल्या चेहऱ्याने सगळी हकीकत सांगितली. व्याही घोट तोंडात घोळवत राहिले.

"व्याहीबुवा, ह्यात साखर कुठाय?"

"हायड्रोमीटर दाखवतोय की. तीस."

"त्याला तपासलं कोणी?"

व्याह्यांनी विहीणबाईंकडे उंच ग्लासभर साधं पाणी मागितलं आणि त्यात हायड्रोमीटर सोडला. साध्या पाण्यात तो शून्यावर उभा राहायला हवा. तो शांतपणे विसावर उभा राहिला. आतली आकड्यांची कागदी पट्टी केव्हाच घसरली होती. तिसातून वीस गेले, राहिले दहा. बिअर कधीचीच तयार होऊन, शाल पांघरून बसली होती. पहिल्या दिवशीचं हातचं कसबही त्या विसातच गेलं.

बायकोने तोंडाला पदर लावला.

व्याह्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली. ती त्यांच्या खिशात किती वर्षं होती, देव जाणे. एका चिठ्ठीवर 'रद्द' असं लिहून ती त्यांनी दोऱ्याने हायड्रोमीटरच्या मानेला बांधली.

"जप्त करावा लागेल, साहेब. अपील करता येतं," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी वीस वर्षांपूर्वी ऐकलं होतं, शब्दन्‌शब्द तसंच.

मापसाहेबांनी चिठ्ठी उलटसुलट करून तपासली. तारीख घातली नव्हती. नियमाने अशी चिठ्ठी बाद ठरते. त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि स्वतःच तारीख घातली.

मग दोघांनी मिळून बाटल्या भरल्या. अपिलाची सुनावणी दोन आठवड्यांनी, नातीच्या वाढदिवसाला ठेवली. सगळा पुरावा थंड करून हजर करायचा, असं ठरलं.